माझे ब्रेक शाबूत होते

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कट्ट्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, माडाच्या झावळांनी शाकारलेल्या एका मांगरात, म्हणजे खोपटात, माझा मुक्काम असतो. माझा रंग एकेकाळी गडद हिरवा होता. आता तो कोणता आहे हे पाहणाऱ्याने ठरवावे. मी किती मैल धावले ते मला सांगता येणार नाही, कारण मैल मोजणारा काटा युद्धाच्या काळातच थांबला आणि तो दुरुस्त करण्याची गरज कोणाला भासली नाही. पण माझे इंजिन अजून पहिल्या हँडलला सुरू होते. कसालच्या चढावर माझ्यापेक्षा तरुण गाड्या धापा टाकत थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. मी सावकाश चढते, पण चढते.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जहाजातून मी मुंबईला उतरले आणि आगगाडीने बेळगावला आले. तिथे एका लाकडाच्या व्यापाऱ्याने मला विकत घेतले. ते दिवस थाटाचे होते. माझ्या दिव्यांच्या पितळी कड्यांत लोक आपला चेहरा पाहून पागोटे सारखे करीत. मग युद्ध आले, पेट्रोल मिळेनासे झाले, आणि माझ्या पाठीवर कोळशाच्या गॅसची एक कुरूप शेगडी बसवण्यात आली. त्या काजळीने माझ्या पोटाचे जे हाल झाले, ते सांगण्यासारखे नाहीत. युद्ध संपल्यावर मालकांनी नवी गाडी आणली, आणि मी मागच्या अंगणात कोंबड्यांच्या सोबतीला उभी राहिले.

त्या व्यापाऱ्याकडे दत्ताराम नावाचा ड्रायव्हर होता. मूळचा कट्ट्याचा. त्याने मला पहिल्या दिवसापासून चालवले होते. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली, तेव्हा त्याला आपल्या गावी परतावेसे वाटू लागले. त्याने गाठीचे होते नव्हते ते मालकांपुढे ठेवले आणि मला मागून घेतले. मालकांना हसू आले. "अरे, हिच्यापेक्षा एक बैलजोडी घे," ते म्हणाले. दत्तारामाने माझ्या चाकांखालचे दगड काढले, कोंबड्या हाकलल्या आणि आंबोलीच्या घाटाने मला खाली कोकणात आणले.

कोकण माणसांना मानवते, पण लोखंडाला मानवत नाही. मालवणकडून येणारा वारा खारा असतो. तो दिसत नाही, पण पत्र्याच्या सांध्यात शिरून बसतो आणि आतून पोखरतो. उन्हाळ्यात रस्त्याची तांबडी धूळ नाकातोंडात जाते, आणि पावसाळ्यात तीच धूळ चिखल होऊन चाकांना मिठी मारते. अशा मुलखात मी इतकी वर्षे टिकले, याचे श्रेय माझ्या पोलादाला जात नाही. ते दत्तारामाला जाते.

समुद्राकाठून आले की तो मला आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा, तेही खालून. वरून तर कोणीही धुतो. इंजिनातून काढलेले काळे तेल तो फेकत नसे. फडक्याने ते माझ्या पोटाला चोपडायचा, म्हणजे खारे पाणी चिकटत नसे. ग्रीस भरायचा दिवस ठरलेला असे, आणि त्या दिवशी घरात लग्न असले तरी तो टळत नसे. त्याची बायको मथुरा चेष्टेने म्हणायची, "माझ्या डोक्याक तेल आसा काय नाय, ता कदी इचारल्यात? गाडयेचा मात्र रोज बघतास."

दत्तारामाचा एक नियम होता. नवीन आवाज ऐकू आला की गाडी थांबवायची. "आवाज बारीक आसता तेवाच तेका इचारूचा, बाबा तुका काय होया," तो म्हणे. "मोठो झाल्यार तो सांगणा नाय, तो गाडी मोडता."

कट्ट्याच्या तळावर आम्ही भाड्याचे उतारू घ्यायचो, आणि तिथेच लवू नावाचा दुसरा ड्रायव्हर होता. दत्तारामापेक्षा वयाने लहान आणि अंगात वारे भरलेला. त्याची गाडी माझ्यापेक्षा बरीच नवी होती. एस.टी.च्या आधी पोचून उतारू उचलायचे, यातच त्याला पुरुषार्थ वाटे. तो दत्तारामाला 'गाडीवान' म्हणून हाक मारी. दत्ताराम त्याला म्हणे, "तुझ्या इंजिनात तेल कमी आसा, टकटक आयकूक येता." लवू हसायचा आणि भोंगा वाजवून पुढे जायचा. एका उन्हाळ्यात तळेऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या गाडीचे इंजिन जळून जाम झाले. ती गाडी बैल जुंपून परत आणावी लागली. तेव्हापासून लवू दुसऱ्यांच्या मालमोटारी चालवून दिवस काढू लागला. दत्ताराम त्याच्याविषयी वाईट बोलला नाही, आणि चांगलेही बोलला नाही.

अशी आमची सहा-सात वर्षे गेली. सावंतवाडीच्या वऱ्हाडापासून कुणकेश्वरच्या यात्रेपर्यंत मी सगळीकडे जात होते. "दत्तारामाची गाडी म्हणजे घरातला पाळणा," असे बायका म्हणत. लहान मुले माझ्यात बसली की झोपी जात.

मग काहीतरी बदलले. ते सगळ्यांच्या आधी माझ्या डाव्या चाकाला कळले.

दत्ताराम खड्डे चुकवण्यात पटाईत होता. आमच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्या ओळखीचा होता. पण आता माझे डावे चाक त्या ओळखीच्या खड्ड्यांतच जाऊ लागले. उजवे कधी जात नसे. डाव्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा तुटला. तो नवीन बसवला, तर तोही तुटला. एकदा गावातून वळताना माझा डावा मडगार्ड चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे बुटक्या कुंपणाला, घासला. दत्ताराम खाली उतरला, पत्रा पाहून चकित झाला आणि म्हणाला, "स्टेअरिंग जड झाला आसतला." त्याने स्टेअरिंगचे सगळे सांधे उघडून ग्रीस भरले. ते जड झालेच नव्हते.

पुढे त्याला माझे दिवे मंद वाटू लागले. त्याने बल्ब बदलले. दिव्यांच्या आतली चकचकीत वाटी राखेने घासली. बॅटरी मालवणला नेऊन भरून आणली. तरी संध्याकाळ झाली की तो पुढे वाकून बसे आणि पुटपुटे, "हल्लीचे बल्ब कायच कामाचे नाय." समोरची काच तो दिवसातून कितीदा पुसायचा, त्याला गणती नव्हती.

"काच साफ आसा वो," मथुरा एकदा म्हणाली.

"धुरळो बसलो आसा. तुका काय कळता?"

मथुरेला कळत होते. जेवताना डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा पेला तो रोज लवंडत होता. अंगणात तिने डावीकडून हाक मारली तर तो दचकत होता. तिने एकदा विषय काढला, पण तो चिडला. मग ती पेला उजवीकडे ठेवू लागली. तिने हे वाईटासाठी केले नाही, तरी त्यामुळे त्याला कळायचे आणखी लांबले.

महाशिवरात्रीचे दिवस होते. कुणकेश्वरची यात्रा करून आम्ही परत येत होतो. माझ्यात कट्ट्याचे दुकानदार रामचंद्र, त्यांची बायको, त्यांची धाकटी मुलगी आणि आणखी दोन-तीन माणसे होती. मुलीने हट्ट केला म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवले होते. दुपार कलली होती, पण उजेड लख्ख होता. कसालच्या अलीकडे एक मोरी आहे. त्या मोरीवर, रस्त्याच्या डाव्या अंगाला, हिरा नावाची कोळीण टेकली होती. ती मालवणहून मासे घेऊन गावोगाव फिरत असे. तिची बांगड्यांची पाटी तिच्या पायाशी होती.

मी तिला पाहिले. दत्तारामानेही पाहिले असणार, असे मी धरून चालले होते. पण माझे डावे चाक सरळ तिच्यावर जात होते. हिराने शेवटच्या क्षणी पाय ओढून घेतले आणि मागे कोलमडली. चाक पाटीवरून गेले. बांबू मोडल्याचा आवाज आला, आणि मगच दत्तारामाने ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. इतकी जागच्या जागी, की रामचंद्रांचे डोके पुढच्या सीटवर आपटले.

हिरा उठली. तिचे कोपर सोलवटले होते. साडीला माती लागली होती, आणि रस्त्यावर बांगडे पसरले होते.

"डोळे खंय ठेवलंस रे मेल्या?" ती ओरडली. "लख्ख उजवाड आसा, सगळो रस्तो मोकळो आसा, आणि माझ्या आंगार गाडी घालतंस?"

दत्ताराम खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सगळे उतारू त्याच्याकडे पाहत होते. त्याने माझ्या मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाला, "ब्रेक लागलो नाय गो, हिराबाय. गाडी म्हातारी झाली."

मित्रांनो, माझे ब्रेक लागले होते. ते त्यानेच आठवड्यापूर्वी उघडून साफ केले होते. पण गाडीला बोलता येत नाही. त्याने हिराच्या मासळीची भरपाई तिथेच केली, आणि सगळे पुन्हा बसले.

खोटी गोष्ट खऱ्यापेक्षा हलकी असते, म्हणून ती लवकर पोचते. दुसऱ्या दिवशी कट्ट्याला, तिसऱ्या दिवशी मालवणला, आणि त्या आठवड्यात कसालला सर्वांना कळले की दत्तारामाच्या गाडीचे ब्रेक गेले आहेत. रामचंद्र आपल्या दुकानात येईल त्याला डोक्यावरचे टेंगूळ दाखवत होते. माझ्यात बसायला कोणी येईना. दत्तारामाने माझे ब्रेक पुन्हा सोडवले, नवीन पट्टे घातले. जे बिघडले नव्हते ते त्याने दुरुस्त केले. "आता ब्रेक नवे आसत," तो तळावर सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि एस.टी.ची वाट पाहत उभे राहायचे.

एका सकाळी मथुरा मांगरात आली. दत्ताराम माझ्या चाकाची वाटी पुसत बसला होता.

"गाडयेक कित्या बदनाम केल्यात?" तिने विचारले. "ती बिचारी काय तोंड उघडून सांगतली?"

"मगे काय सांगू?" त्याचा आवाज चढला. "माका दिसणा नाय म्हणान सांगू? मगे कोण बसतलो माझ्या गाडयेत?"

हे बोलून झाल्यावर तो एकदम थांबला. इतक्या दिवसांत ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आले होते. मथुरा त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तो तीच वाटी पुन्हा पुसू लागला, आणि ती बराच वेळ पुसत राहिला.

"आता तरी कोण बसता?" मथुरा हळू आवाजात म्हणाली.

खोटे सांगून गाडी रिकामी झाली होती आणि खरे सांगून ती भरणार नव्हती. दत्तारामाने मला विकायचे ठरवले.

घ्यायला आला तो लवू. त्याचा हिशेब सरळ होता. माझे इंजिन काढून दुसऱ्या एका सांगाड्यात बसवायचे आणि उरलेले भंगारात द्यायचे. "पण पयली फिरवून बघतलंय," तो म्हणाला. दत्ताराम त्याच्या डावीकडे बसला. आपल्याच गाडीत त्या बाजूला बसण्याची त्याला सवय नव्हती. त्याचा उजवा पाय ब्रेक नसलेल्या जागी दाबला जात होता.

उतारावर लवूने मला मुद्दाम सोडले आणि अचानक ब्रेक दाबला. मी थांबले. त्याने पुन्हा सोडले, पुन्हा दाबला. मी पुन्हा थांबले.

लवू उतरला, माझे पुढचे डावे चाक काढून त्याने आतले ब्रेकचे डरम पाहिले, चाक परत बसवले आणि दत्तारामाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ब्रेक वाघासारखे आसत."

"नवीन पट्टे घातलंय."

"पट्टे नवे आसत. पण डरम बघ की, एक ओरखडो नाय. ह्ये ब्रेक कदी गेलेच नव्हते, दादा."

दत्ताराम समोर पाहत राहिला. लवूने खिशातून पानाची चंची काढली, पान जुळवले आणि खिडकीतून त्याच्या डाव्या अंगाने धरले. दत्तारामाने घेतले नाही. लवूला वाटले, हा रागावला. पण त्याने नीट पाहिले तेव्हा दत्तारामाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पान त्याच्या कानाशी होते आणि त्याला ते दिसलेच नव्हते.

लवूने हात हळूच मागे घेतला. आत बसून, गाडी सुरू करून तो घराकडे वळला. वळणावरच्या फणसाखाली मथुरा उभी होती. व्यवहार होण्यापूर्वी नवऱ्याला गाठावे म्हणून ती रस्त्यावर आली होती. तिने हात वर केला. लवूने गाडी अगदी हळू केली आणि दत्ताराम थांबायला सांगेल म्हणून तो वाट पाहू लागला. आम्ही तिच्यापासून दोन हातांवरून पुढे गेलो.

"दादा," लवू म्हणाला, "वैनी उभी आसा."

"खंय?"

"गेली मागे. तुझ्या डाव्या हाताक होती. हात करी होती तुका."

दत्तारामाने मान पूर्ण वळवून मागे पाहिले. मग तो पुन्हा पुढे वळला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

"कदीपासून?" लवूने विचारले.

"दोन वर्सां झाली आसतली."

मित्रांनो, त्या क्षणी लवू मला फुकटाच्या भावात घेऊ शकला असता. मी चांगली आहे हे आता त्याला माहीत होते आणि जगाला माहीत नव्हते. त्याने बराच वेळ स्टेअरिंगवर बोटे वाजवली. तो काही साधू नव्हता. तो मनात तोलत होता, हे मला त्याच्या बोटांवरून कळत होते. शेवटी त्याने गाडी थांबवून इंजिन बंद केले.

"ही गाडी मी भंगाराच्या भावान घेतलंय तर गावचो देव रवळनाथ माका सोडूचो नाय," तो म्हणाला. "तू आधी लोकांक खरा सांग. मगे बघूया."

कट्ट्याच्या आठवड्याच्या बाजाराला दत्ताराम मथुरेबरोबर, माझ्याशिवाय, पायी गेला. तिथे काय झाले ते मथुरेने नंतर लवूला सांगितले, ते मी ऐकले. हिरा मासळीच्या रांगेत बसली होती. दत्ताराम तिच्यापुढे उभा राहिला आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिराबाय, त्या दिवशी ब्रेक लागलो होतो. माकाच तू दिसलंस नाय. माझी डाव्या आंगाची नजर गेली आसा. गाडयेर खोटो आळ घातलंय."

हिराने हातातली सुरमई खाली ठेवली. "माका त्याच दिवशी कळला होता," ती म्हणाली. "ब्रेक नाय ती गाडी जाग्यार उभी रवता? मी काय खुळी आसंय?"

"मगे बोललंस कित्या नाय?"

"तू कदी बोलतंस, ता माका बघूचा होता."

काही जण हसले. पण रामचंद्र हसले नाहीत. ते दुकानाच्या पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी दत्तारामाचा दंड धरला. "माझा धाकटा चेडू तुझ्या बाजूक बसला होता," ते म्हणाले. "तुका दिसणा नाय, ह्या तुका म्हायत होता. तरी तेका बसवलंस?"

"होय. बसवलंय," दत्ताराम म्हणाला.

पोटाचा प्रश्न होता, सवय होती, भीती होती, यातले एकही कारण त्याने पुढे केले नाही. रामचंद्र दंड सोडून दुकानात गेले. त्यांनी पुढे वर्षभर त्याच्याशी बोलणे टाकले, आणि त्यात त्यांची चूक होती असे मी म्हणणार नाही.

संध्याकाळी लवू मांगरात आला. "तुका डोळे नाय, माका गाडी नाय," तो म्हणाला. "आंधळ्या-पांगळ्याची जोडी करूया काय?"

"माझ्या गाडयेक माझ्यासारखी चालवूक होयी."

"आणि मी माझ्यासारखी चालवलंय तर?"

"मगे तुझ्या गाडयेचा झाला तसा होतला."

लवूने खाली पाहिले आणि कबूल केले.

त्या दोघांचे पहिले काही आठवडे मला फार जड गेले. लवूचा पाय उतावळा होता. तो गिअर असा टाकायचा की माझे दात वाजत. दत्ताराम शेजारी डोळे मिटून बसे. "लवू, ती रडता," तो म्हणे.

"माका काय आयकूक येणा नाय."

"मगे गप रव आणि आयक."

दोघेही अर्धा दिवस न बोलता काढत. पण हळूहळू लवूचे कान उघडले. एके दिवशी तो आपणहून थांबला आणि म्हणाला, "दादा, पंख्याचो पट्टो चिरकता मां?" दत्ताराम इतका खूश झाला की त्याने उतारूंसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली.

थोड्या दिवसांनी मथुरेने हट्टच धरला आणि आम्ही बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो. मला आंबोलीचा घाट चढायचा होता. अर्ध्या घाटात माझ्या रेडिएटरचे पाणी उकळले. लवू उतरला आणि झाकण उघडायला गेला. दत्तारामाला झाकणाची कुरकुर ऐकू आली, आणि त्याने धावत येऊन त्याचे मनगट पकडले. "हात खंय घालतंस? तोंड भाजून घेतलंस असता. निवांदे तेका." मग आम्ही दरीच्या कडेला थांबलो. मथुरेने खायला घावणे काढले. वाफ बसल्यावर दत्तारामाने फडके धरून झाकण थोडे थोडे फिरवले, इंजिन चालू ठेवले आणि पाणी अगदी बारीक धारेने ओतले. लवू पाहत होता. आपले इंजिन तेलाइतकेच आपल्या घाईनेही जळले होते, हे त्याला बहुतेक त्या घाटातच पुरते समजले.

दवाखान्यात मला जाता येत नाही. परतीच्या वाटेवर मथुरेने लवूला सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाले होते, "हा काचबिंदू आहे. डोळ्यात दाब वाढतो. तो दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. कडेची नजर आधी जाते. जी गेली ती परत येणार नाही. उरली आहे ती औषधाचे थेंब घालून सांभाळता येईल, पण एक दिवसही चुकवायचा नाही."

दत्तारामाने त्यांना विचारले होते, "दोन वर्षं आधी आलो असतो तर?"

"तर आज घरी जाताना गाडी तुम्हीच चालवली असती," डॉक्टर म्हणाले होते.

मथुरेचे सांगून संपले. घाटाचा उतार सुरू झाला होता. खाली कोकण धुक्यात बुडाले होते. दत्तारामाने कान देऊन इंजिन ऐकले.

"दुसरो गिअर टाक, लवू. ब्रेक तापवू नको."

त्याला आता काही वर्षे झाली आहेत. सकाळी मथुरा त्याच्या डोळ्यांत थेंब घालते, आणि तो ग्रीसच्या दिवसाबाबत जितका कडक होता, तितकीच ती या बाबतीत कडक असते. त्याची उरलेली नजर टिकून आहे. समोर धरलेली वस्तू त्याला दिसते. रस्त्याच्या कडा दिसत नाहीत. तो आता दररोज येत नाही, कारण लवूला त्याची तितकी गरज राहिलेली नाही. आमच्या रस्त्यावर डांबर पडू लागले आहे, नव्या टॅक्सी आल्या आहेत, आणि मला लांबच्या फेऱ्या कमीच मिळतात.

परवा मालवणहून येताना माझ्या मागच्या चाकात एक बारीक टिकटिक सुरू झाली. गाडी भरलेली होती आणि उतारूंना घाई होती. दत्ताराम घरी होता. लवूने गाडी कडेला घेतली, उतरला, गुडघ्यावर बसला आणि चाकाला कान लावला. एक नट सैल झाला होता. तो त्याने आवळला.

"काय झाला रे?" आतून एका म्हाताऱ्याने विचारले.

"काय नाय," लवू म्हणाला. "काय होव नये म्हणान थांबलंय."

मित्रांनो, मी फार दिवस राहीन असे मला वाटत नाही. लोखंडालाही अंत असतो. पण जाण्यापूर्वी एक सांगते. झीज सगळ्यांची होते, आणि झिजलेले भरून येत नाही. उरलेले मात्र पुष्कळ असते, आणि ते सांभाळता येते. त्यासाठी झीज वेळेवर कबूल करावी लागते. आपल्या वस्तूंची काळजी घ्या, आणि त्या वस्तूंची काळजी घेणारी जी माणसे तुमच्या घरात आहेत, त्यांनाही अधूनमधून विचारा, की बाबा, तुला काय हवे? ती बहुधा "काही नाही" म्हणतील. तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा वेळ त्यांच्याजवळ बसा.